काउंटरच्या पलीकडची माणसं: अमेरिकन दरोडेखोरांची आत्मचरित्रं आणि जुन्या स्क्रिप्ट कशा जमवाव्यात

तेहेतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी कॅश काउंटरवर. निवृत्त झाल्यावर मी बँका लुटणाऱ्यांची पुस्तकं जमवायला लागले, तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला. "आयुष्यभर ज्यांची भीती बाळगलीस, त्यांनाच आता कपाटात ठेवणार?" असं आमच्या ह्यांनी विचारलं. उत्तर हो असंच होतं.

सुरुवात एका थापेपासून झाली. ५ ऑक्टोबर १८९२, कॅन्सस राज्यातलं कॉफीव्हिल. डाल्टन टोळीतले पाच जण एकाच वेळी दोन बँकांत शिरले. कॉन्डन बँकेच्या कॅशिअरने सांगितलं की तिजोरीला वेळेचं कुलूप आहे, अजून काही मिनिटं ते उघडणार नाही. चक्क खोटं. पण दरोडेखोर थांबले आणि तेवढ्यात गावकऱ्यांनी हार्डवेअरच्या दुकानांतून बंदुका उचलल्या. आठ माणसं मेली, चार गावातली आणि चार टोळीतली. टोळीतला एमेट डाल्टन तेवढा वाचला, अंगावर वीसहून जास्त जखमा घेऊन. त्याला जन्मठेप झाली, १९०७ साली माफी मिळाली, पुढे तो कॅलिफोर्नियात गेला, १९१८ साली 'बियाँड द लॉ' या मूकपटात स्वतःचीच भूमिका केली आणि १९३१ साली पत्रकाराला हाताशी धरून 'व्हेन द डाल्टन्स रोड' हे पुस्तक काढलं. १९३७ साली तो वारला. १९४० साली युनिव्हर्सलने त्याच नावाचा चित्रपट काढला आणि त्यात नायक केला एका वकिलाला!

म्हणजे एक घटना, तिची एक आठवण, एक मूकपट, एक पुस्तक आणि एक बोलपट. दर वेळी हिशेब थोडा वेगळा. माझा संग्रह या फरकांचा आहे, आणि तुम्हाला हा नाद लावून घ्यायचा असेल तर माझा पहिला सल्ला तोच: सुटी पुस्तकं जमवू नका, जोड्या जमवा. एका बाजूला दरोडेखोराचं स्वतःचं पुस्तक, दुसऱ्या बाजूला त्यावरून निघालेल्या चित्रपटाची स्क्रिप्ट.

एक माणूस धरा

नवा संग्राहक पहिल्या सहा महिन्यांत हाताला लागेल ते घेतो. मीही घेतलं. जेसी जेम्सवरच्या पानटपरीछाप पुस्तिका, स्वतःला बिली द किड (तरुणपणीच मारला गेलेला नामचीन गुंड) म्हणवणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती, सगळं. त्यातलं निम्मं नंतर वाटून टाकलं. सुरुवात एका माणसापासून केली की त्याच्या पुस्तकाच्या सगळ्या आवृत्त्या डोळ्यांखालून जातात आणि नजर तयार होते. निवडायला ही माणसं सोयीची आहेत.

एमेट डाल्टन सगळ्यात सोपा. १९३१ चं पुस्तक डबलडे, डोरान या मोठ्या प्रकाशकाचं आहे, त्यामुळे प्रती बाजारात येत राहतात.

अल जेनिंग्ज हा गंमतीचा प्राणी. वकील, मग ओक्लाहोमातला आगगाडी लुटारू (लुटारू म्हणून अगदीच सुमार), मग ओहायोच्या तुरुंगात कथाकार ओ. हेन्रीच्या सोबतीला, मग १९१४ साली चक्क राज्यपालपदाच्या पक्षांतर्गत निवडणुकीत उमेदवार. त्याच वर्षी त्याचं 'बीटिंग बॅक' आलं आणि त्यावर मूकपटही निघाला. १९२१ साली 'थ्रू द शॅडोज विथ ओ. हेन्री' आलं. १९५१ साली कोलंबियाने पुन्हा त्याच्यावर चित्रपट काढला, तेव्हा हा गृहस्थ हयात होता. १९६१ पर्यंत जगला. त्याच्या शब्दावर किती विश्वास ठेवायचा हे तुम्ही ठरवा. मी त्याला कर्ज मंजूर केलं नसतं.

जॉन वेस्ली हार्डिनची गोष्ट वेगळी. टेक्ससचा खुनी, तुरुंगात कायदा शिकला, १८९४ साली सुटला, वकिली सुरू केली आणि १९ ऑगस्ट १८९५ ला एल पासोच्या गुत्त्यात मागून गोळी लागून मेला. हस्तलिखित मागे राहिलं. ते १८९६ साली सेगीन या लहानशा गावातल्या स्मिथ अँड मूर यांनी कागदी बांधणीत छापलं. त्यात हार्डिन म्हणून जे चित्र छापलं गेलं ते त्याच्या भावाचं, जोचं होतं! चूक लक्षात आल्यावर खरं चित्र वेगळ्या चिठ्ठीवर छापून आत चिकटवलं गेलं. ती चिठ्ठी शाबूत असलेली प्रत हे हार्डिन जमवणाऱ्यांचं मोठं स्वप्न. युनिव्हर्सलने १९५३ मध्ये 'द लॉलेस ब्रीड' काढला, राउल वॉल्श दिग्दर्शक, रॉक हडसन हार्डिन. त्यात हार्डिन तुरुंगातून बाहेर पडतो आणि स्वतः जाऊन हस्तलिखित छापायला देतो. प्रत्यक्षात पुस्तक छापून आलं तेव्हा तो जिवंत नव्हता. जोडी जमवायची मजा ही अशी.

जेसी जेम्सच्या टोळीतल्या कोल यंगरचं १९०३ चं पुस्तक शिकागोच्या हेनेबेरी कंपनीचं, स्वस्त कागदावरचं. ७ सप्टेंबर १८७६ ला या टोळीने घातलेल्या नॉर्थफील्डच्या बँक दरोड्यात जोसेफ ली हेवूड या बँक कर्मचाऱ्याने तिजोरी उघडायला नकार दिला आणि त्याला गोळी घातली गेली. यंगरचं पुस्तक हातात घेतलं की मी आधी हेवूडचं नाव येतं ते पान काढते. सवय आहे, जात नाही.

टॉम हॉर्न या भाडोत्री बंदूकबाजाचं आत्मचरित्र त्याला २० नोव्हेंबर १९०३ ला शायेनमध्ये फाशी दिल्यानंतर, १९०४ साली डेन्व्हरच्या लाउथन बुक कंपनीने काढलं. ज्या चौदा वर्षांच्या मुलाच्या खुनासाठी फाशी झाली त्याबद्दल शोधत बसू नका, लेखकाने तिथपर्यंत येणं सोयीस्करपणे टाळलंय. १९८० साली स्टीव्ह मॅक्वीनने त्याच्यावर चित्रपट केला, म्हणजे जोडी पुरी होते आणि १९८० च्या स्क्रिप्ट चाळीसच्या दशकातल्यांपेक्षा सहज मिळतात.

पॅट गॅरेटचं १८८२ चं बिली द किडवरचं पुस्तक मी मुद्दाम शेवटी ठेवलं. एक तर तो दरोडेखोर नव्हे, शेरीफ. दुसरं, बराचसा मजकूर अ‍ॅश अप्सन या पत्रकाराने लिहिलेला. बिलीचा वाढदिवस त्यात २३ नोव्हेंबर दिलाय, आणि अप्सनचा स्वतःचा वाढदिवसही २३ नोव्हेंबरच. सँटा फेमध्ये छापलेली ती मूळ प्रत आपल्यासारख्यांनी काचेआड बघावी.

"आपल्याकडचे ठग का नाहीत?" असं लोक विचारतात. फिलिप मेडोज टेलर नळदुर्गला राहिलेला माणूस, त्याचं १८३९ चं तीन खंडांतलं ठगाच्या कबुलीजबाबाचं पुस्तक जगभर गाजलं. पण ती कादंबरी आहे. मला स्वतः केलेल्या गुन्ह्याबद्दल स्वतः मारलेल्या थापा हव्यात.

आधी वाचायची प्रत, मग जपायची

ओक्लाहोमा विद्यापीठाच्या प्रकाशनाने 'वेस्टर्न फ्रंटिअर लायब्ररी' नावाची लहान आकाराची मालिका काढली. गॅरेट १९५४, हार्डिन १९६१, हॉर्न १९६४. छपाई चांगली, प्रस्तावना जाणत्यांच्या. ही प्रत आधी घ्या, वाचा, पेन्सिलीने खुणा करा. मूळ आवृत्तीचे पैसे मोजायचे की नाही हे त्यानंतर ठरवा. निम्म्या वेळा मन आपोआप शांत होतं.

दुसरी गरजेची वस्तू म्हणजे रॅमन अ‍ॅडम्सची संदर्भसूची, 'सिक्स-गन्स अँड सॅडल लेदर'. पहिली आवृत्ती १९५४ ची, पण १९६९ ची वाढवलेली घ्या. कोणतं पुस्तक कुठे छापलं, पानं किती, बांधणी कशी, लेखकाने कुठे लोणकढी मारली, सगळं त्यात. विक्रेते 'अ‍ॅडम्स अमुक क्रमांक' असा उल्लेख करतात तो याच पुस्तकाचा. आमच्या लेजरसारखं जाडजूड आहे आणि तितकंच रूक्ष, पण त्याच्याशिवाय खरेदी म्हणजे पासबुक न बघता चेक फाडणं.

पहिली आवृत्ती ओळखायची कशी

इथे सगळ्यात जास्त पैसे बुडतात, म्हणून जरा थांबून सांगते.

कॉपीराइटचं साल म्हणजे छपाईचं साल नव्हे. अमेरिकेत ग्रॉसेट अँड डनलॅप आणि ए. एल. बर्ट या कंपन्या मूळ प्रकाशकाकडून छपाईच्या प्लेटा घेऊन स्वस्त प्रती काढायच्या. आतलं साल तेच राहायचं. शीर्षकपानावर यांच्यापैकी नाव दिसलं की ते पुनर्मुद्रण समजा. डबलडेची अशी स्वस्त शाखा 'सन डायल'. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा: चित्रपटातली छायाचित्रं घालून काढलेल्या 'फोटोप्ले' आवृत्त्या. पहिल्या आवृत्त्या नसल्या तरी जोडी जमवणाऱ्याला त्या हव्याच असतात, पुस्तक आणि पडदा एकाच पुठ्ठ्यात.

प्रत्येक प्रकाशकाची खूण वेगळी. डबलडे, डोरान पहिल्या छपाईत कॉपीराइटच्या पानावर 'फर्स्ट एडिशन' असं छापायचे आणि पुढच्या छपाईत ते काढून टाकायचे. हॉटन मिफ्लिन पहिल्या छपाईत शीर्षकपानावर साल द्यायचे, नंतर गाळायचे. अ‍ॅपल्टनची खूण मला सगळ्यात आवडते. मजकूर संपतो त्या अगदी शेवटच्या पानाच्या तळाशी, कंसात बारीक आकडा. एक असेल तर पहिली छपाई, दोन असेल तर दुसरी. 'बीटिंग बॅक' अ‍ॅपल्टनचं आहे. विक्रेता पुढच्या पानांचे दहा फोटो पाठवतो आणि हे शेवटचं पान कधीच पाठवत नाही. ते मागून घ्या. मी मागितलं तेव्हा उत्तर आलं की पुस्तकाचा शेवट आधी सांगितला तर मजा जाईल. त्याला खरंच माहीत नव्हतं की मला गोष्ट नको, तो आकडा हवाय.

कधी कधी मजकूरच बदलतो. चार्ली सिरिंगो हा पिंकर्टन गुप्तहेर संस्थेत वीसेक वर्षं राबलेला काउबॉय. त्याने आठवणी लिहिल्या की पिंकर्टनवाले कोर्टात. १९१२ च्या पुस्तकात पिंकर्टनचं 'डिकन्सन' करावं लागलं आणि टॉम हॉर्नचा 'टिम कॉर्न' झाला. १९२७ साली 'रिआटा अँड स्पर्स' आलं, पुन्हा हरकत, पुस्तक मागे घेतलं गेलं आणि मजकूर बदलून परत काढलं. उपशीर्षक बघा: मूळ प्रतीत 'काउबॉय अँड डिटेक्टिव्ह' आहे, बदललेल्या प्रतीत 'काउबॉय अँड रेंजर'. एका शब्दाचा फरक, आणि आत अख्खी प्रकरणं वेगळी.

हुबेहूब नकला वेगळ्या पकडाव्या लागतात. जुनी छपाई खिळ्यांची असते, पान तिरपं धरलं की अक्षरांचा दाब मागच्या बाजूला जाणवतो. ऑफसेटवर काढलेल्या नकलेचं पान गुळगुळीत असतं. जांभळा दिवा, म्हणजे नोटा तपासायचा अतिनील दिवा, घरी असू द्या. साधारण १९५० पासून कागदात चमक आणणारी रसायनं घालायला लागले, त्यामुळे तो कागद या दिव्याखाली निळसर पांढरा उजळतो. १९३१ चं म्हणून विकलेलं जॅकेट, म्हणजे पुस्तकाचं बाहेरचं कागदी वेष्टन, असं उजळलं तर ते नंतर छापलेलं आहे. माझ्या पहिल्या डाल्टनचं जॅकेट असंच ट्यूबलाइटसारखं पेटलं होतं. पुस्तक खरं, जॅकेट रंगीत प्रत. विक्रेत्याने वर्णनात लिहिलंही होतं, पण 'फॅक्सिमिली' (हुबेहूब नक्कल) हा शब्द मी वाचूनही वाचला नव्हता.

आणि हो, 'गुड' या शब्दाला भुलू नका. पुस्तकबाजारात 'फाइन' म्हणजे उत्तम, 'व्हेरी गुड' म्हणजे बरं, आणि 'गुड' म्हणजे कणा सैल, कोपरे गेलेले, बहुधा कुणीतरी चहाचा कप ठेवलेलं. 'एक्स-लायब्ररी', म्हणजे ग्रंथालयातून काढलेली प्रत असेल तर शिक्के, खिसे, नंबर सगळं गृहीत धरा.

आता स्क्रिप्ट

पुस्तकांच्या बाजारात नियम तरी आहेत. स्क्रिप्ट ही कामाची कागदपत्रं, संग्रहासाठी कुणी बनवलीच नव्हती. स्टुडिओत टंकलेखन विभाग स्टेन्सिल कापायचा, मिमिओग्राफवर प्रती निघायच्या, तीन भोकं पाडून पितळी पिना घातल्या जायच्या आणि प्रत्येक खात्याला एकेक प्रत जायची. आमच्या पिढीतल्या बँकवाल्यांना हे सांगायला नको, मिमिओग्राफ म्हणजे आपलं सायक्लोस्टाइल. हेड ऑफिसची सर्क्युलरं ज्यांनी वाचलीत त्यांच्या बोटांना तो कागद ओळखीचा वाटेल: जरा खरखरीत, शाई किंचित फुललेली, 'ओ' आणि 'ई' ची पोटं भरून आलेली.

हाती स्क्रिप्ट आली की आधी ती कोणत्या टप्प्यातली आहे ते बघा. कथेचा आराखडा म्हणजे 'ट्रीटमेंट'. मग पहिला मसुदा, सुधारित मसुदे, 'फायनल' आणि चित्रीकरणाची प्रत. 'फायनल' या शब्दावर विश्वास ठेवू नका, 'सेकंड रिव्हाइज्ड फायनल' असं लिहिलेल्या स्क्रिप्टही असतात. आपल्याकडच्या प्रमोशनच्या यादीसारखं आहे ते. या सगळ्यांहून वेगळी असते 'कटिंग कंटिन्युइटी': चित्रपट पुरा झाल्यावर पडद्यावरचं बघून उतरवलेली नोंद. ती स्क्रिप्ट म्हणून विकली जाते, पण लेखकाने काय ठरवलं होतं हे ती सांगत नाही. तुलनेला उपयोगी, किंमत मात्र त्या मानाने कमी हवी.

मग पानांचे रंग. बदललेली पानं रंगीत कागदावर यायची, वरच्या कोपऱ्यात तारीख. निळी, गुलाबी, पिवळी, हिरवी असा क्रम लोक सांगतात, पण जुन्या काळी प्रत्येक स्टुडिओची रीत वेगळी होती, म्हणून रंगापेक्षा तारीख धरा. पान क्रमांक '४७ए' दिसला तर मजकूर वाढलाय. '४७-४८' असा जोडक्रमांक दिसला तर कमी झालाय, पान हरवलेलं नाही. एकेक पान मोजून वहीत लिहा. ढोबळ हिशेब एका मिनिटाला एक पान.

माझ्याकडे एका दुय्यम वेस्टर्नची, म्हणजे काउबॉयपटाची, स्क्रिप्ट आहे, पन्नासच्या दशकातली, नाव सांगून उपयोग नाही इतकी विसरलेली. बँक लुटायचा प्रसंग पांढऱ्या पानांवर सुरू होतो आणि त्याच प्रसंगाची पुढची रूपं मागे ठेवलेली आहेत, कारण ज्याची प्रत होती त्याने जुनी पानं फेकली नाहीत. पांढऱ्या पानावर कॅशिअरला तीन वाक्यं आहेत. तो नाव विचारतो, दरडावतो, चष्मा काढतो. निळ्या पानावर एकच वाक्य उरलं. गुलाबी पानावर तो निमूट पैसे देतो, आणि शेजारी कुणीतरी बोथट पेन्सिलीने लिहिलंय, 'चष्मा ठेवा'. बहुधा प्रॉप्सवाल्याने. ही प्रत मला स्वस्तात मिळाली, कारण विक्रेत्याच्या मते त्यात 'लिखाणाचे डाग' होते. खात्याचं नाव, पेन्सिलीची खूण, दुरुस्ती यांना डाग म्हणणाऱ्यांकडून खुशाल खरेदी करा.

१९४७ नंतर हॉलिवूडमध्ये डाव्या विचारांच्या लेखकांवर बहिष्कार पडला आणि अनेकांची नावं पडद्यावरून गेली. त्यामुळे त्या काळातल्या स्क्रिप्टच्या पहिल्या पानावरचं नाव आणि पडद्यावरचं नाव ताडून बघा. वेगळं निघालं तर प्रत जपून ठेवा.

आता माझी फसगत. '१९५० ची मूळ स्टुडिओ प्रत' म्हणून एक स्क्रिप्ट घेतली. कव्हर जुनं, पिना पितळी, कागद पिवळट. दोन दिवस मी खुशीत. तिसऱ्या दिवशी दिव्याखाली बघताना दिसलं की डाव्या कडेला, खऱ्या भोकांच्या शेजारी, प्रत्येक पानावर काळी गोल वर्तुळं आहेत. ती मूळ प्रतीच्या भोकांची सावली होती, झेरॉक्समध्ये उतरलेली. शिवाय एक काळा ठिपका साठ पानं एकाच जागी. कार्यालयात झेरॉक्स यंत्र आलं ते १९५९ नंतर, त्यामुळे १९५० ची झेरॉक्स असूच शकत नव्हती. विक्रेत्याने पैसे परत करायला तीन आठवडे लावले आणि टपालखर्च माझाच बुडाला. तेव्हापासून मी घेण्याआधी तीन फोटो मागते: डावी कड जवळून, कोणतंही एक पान मागच्या बाजूने, आणि पिना. सायक्लोस्टाइलची शाई कागदात मुरते, झेरॉक्सची वर बसते आणि तिरप्या उजेडात चमकते.

केविन जॉन्सन यांचं 'द सेल्युलॉइड पेपर ट्रेल' (२०१९) हे स्क्रिप्टची कागदी ओळख पटवण्यावरचं पुस्तक. महाग आहे, पण एका फसगतीपेक्षा स्वस्त.

कुठे शोधायचं, कुणाला विचारायचं

पुस्तकांसाठी एबबुक्स आणि ईबे ही संकेतस्थळं, आणि सगळी दुकानं एकत्र धुंडाळायला व्हाया लिब्री. अमेरिकन जुन्या पुस्तकविक्रेत्यांच्या संघटनेचे सभासद जरा महाग, पण वर्णन चुकलं तर पुस्तक परत घेतात. स्क्रिप्टसाठी डॅलसच्या हेरिटेज लिलावांची जुनी पानं चाळा. काय, कोणत्या अवस्थेत, कितीला गेलं हे तिथे दिसतं. विक्रेत्याने 'मागितलेली' किंमत आणि लिलावात 'मिळालेली' किंमत यांत नेहमी दुसरी धरायची.

खरेदीआधी हाथीट्रस्ट किंवा इंटरनेट आर्काइव्ह या डिजिटल ग्रंथालयांत त्याच आवृत्तीची स्कॅन प्रत शोधा आणि शीर्षकपान, पानांची संख्या, चित्रं एकेक करून जुळवा. सहीची पडताळणी करतो तसं: नमुना सही उघडी ठेवायची, घाई करायची नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना एक मोठी सोय आहे, तिचा फायदा घ्या. बेव्हर्ली हिल्सची मार्गारेट हेरिक लायब्ररी हे चित्रपटविषयक ग्रंथालय वाचकांना खुलं आहे. ब्लूमिंग्टनच्या लिली लायब्ररीत दिग्दर्शक जॉन फोर्डची कागदपत्रं आणि पुष्कळ स्क्रिप्ट आहेत. एकदा खरी स्टुडिओ प्रत हातात धरली की नकली आपोआप बोचायला लागते. पुण्यात असाल तर लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, १९६४ पासूनचं. तिथे हॉलिवूड नव्हे तर आपल्या चित्रपटांची कागदपत्रं आहेत, पण कागद, टाचण, खोडाखोड वाचायला तिथेच शिकता येतं. मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर आणि किंग्ज सर्कलला वेस्टर्न कादंबऱ्यांचे ढीग असायचे. त्यात आत्मचरित्र मला आजवर एकदाच मिळालं, तेही पुनर्मुद्रण, पहिलं पान फाडलेलं.

घरात आजोबांची हस्तलिखित मराठी पटकथा असेल आणि ती परदेशी न्यायची असेल, तर थांबा. साहित्यिक वा ऐतिहासिक मोलाचं पंचाहत्तर वर्षांहून जुनं हस्तलिखित १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात बसू शकतं, आणि ते परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करा.

स्क्रिप्ट विकत घेतली म्हणजे कागद तुमचा झाला, मजकूर नाही. तो छापणं, स्कॅन करून सगळ्यांना वाटणं यात पडू नका.

पार्सल

मी पुस्तकं डॅलसच्या भाच्याच्या पत्त्यावर मागवते. अमेरिकेत पुस्तकांसाठी 'मीडिया मेल' नावाचं स्वस्त टपाल आहे, पण ते देशातल्या देशातच चालतं. तो सुट्टीला येताना एक-दोन आणतो. "मावशी, माझ्या बॅगेत चितळ्यांच्या डब्यांपेक्षा तुझे दरोडेखोर जास्त," हे दर वर्षी ऐकावं लागतं. (परतीच्या बॅगेत डबे, येतानाच्या बॅगेत दरोडेखोर, असा हिशेब आहे.) थेट मागवलंत तर सीमाशुल्काच्या कागदावर 'जुनं वापरलेलं छापील पुस्तक' असं स्पष्ट लिहायला सांगा आणि खरी किंमत घालायला सांगा. कमी किंमत लिहून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा, पार्सल हरवलं तर भरपाईही त्याच खोट्या आकड्याची मिळते.

बांधणीबद्दल विक्रेत्याला आधीच लिहा: पुस्तक प्लास्टिकमध्ये, दोन्ही बाजूंना पुठ्ठा, मग खोका. स्क्रिप्ट असेल तर पिनांवर वेगळा कागद, नाहीतर पिना कव्हरवर उमटतात.

पावसाळा

अमेरिकन पुस्तकांत जपणुकीचं जे लिहितात ते कोरड्या हवेतलं. ठाण्यात जुलैमध्ये कपाट उघडलं की वास सांगतो. १९०० च्या आसपासचा स्वस्त कागद आम्लयुक्त असतो, तो आपोआप पिवळा आणि ठिसूळ होतो, आणि दमटपणा ते काम दुप्पट वेगाने करतो.

कपाट बाहेरच्या भिंतीला लावू नका, मागे चार बोटं जागा ठेवा. आर्द्रता मोजायचं साधं यंत्र आत ठेवा, पन्नास टक्क्यांच्या आसपास राहिली तर छान, पासष्टच्या वर गेली की बुरशीची तयारी. सिलिका जेलच्या पुड्या महिन्याला तापवून परत घाला. डांबराच्या गोळ्या नकोत, वास कागदात कायमचा बसतो आणि तुमच्याही छातीत. कसर दिसली तर पुस्तक घट्ट पिशवीत बंद करून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर आत पाणी सुटतं. आमच्या फ्रीजरमध्ये मटाराच्या शेजारी महिनाभर कोल यंगर होता.

सेलोटेप कधीही लावू नका. रबरबँड नको, प्लास्टिकची ऑफिस फाइल नको. फाटलेल्या पानाला जपानी कागद आणि गव्हाची खळ, तेही शिकलेल्या माणसाकडून. स्क्रिप्टच्या खऱ्या पितळी पिना गंजत नाहीत, पण हिरवा थर धरतात. नुसता पितळी मुलामा असलेल्या लोखंडी पिना मात्र गंजतात. चुंबक लावून बघा. चिकटला तर पिना हलक्या हाताने काढून वेगळ्या पाकिटात, त्याच प्रतीसोबत ठेवा. फेकू नका, तो पुरावा आहे.

वही

शेवटी नोंद. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक आणि एक पान. कुठून, कधी, कितीला, टपालासकट. आवृत्तीची खूण कोणत्या पानावर दिसली. काय दोष आहेत. विक्रेत्याचं मूळ वर्णन छापून चिकटवा, कारण ते संकेतस्थळावरून नाहीसं होतं. पुस्तकावर मात्र काहीही लिहू नका, आतल्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने क्रमांक तेवढा.

माझ्या वहीत उजवीकडे एक जास्तीचा रकाना आहे, कॅशिअर. त्या पुस्तकात किंवा स्क्रिप्टमध्ये काउंटरमागचा माणूस किती ओळी बोलतो याचा आकडा. त्या विसरलेल्या वेस्टर्नसमोर लिहिलंय: पांढरी ३, निळी १, गुलाबी ०, चष्मा आहे.